हृदयाच्या इकोवर अभ्यास करायचाय? आधी दारातली रांग बघा

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, पंपिंग किती टक्के?" इकोवर थीसिस करायला निघालेल्या रेसिडेंटचाही ठरलेला असतो: "सर, केसेस किती लागतील?" मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवणारा माणूस आहे. सांगली-मिरजेत सिनॉप्सिसची, म्हणजे थीसिसच्या आराखड्याची, फाईल घेऊन येणाऱ्या मुलामुलींबरोबर बसण्यात माझी बरीच वर्षं गेली. या प्रश्नाला मी हल्ली लगेच उत्तर देत नाही. उलट विचारतो, "तुमच्या इकोच्या खोलीबाहेर बाकड्यावर कोण बसलंय?"

हा लेख पहिल्यांदाच अशा अभ्यासात उतरणाऱ्यांसाठी आहे, मग ते एमडीचे रेसिडेंट असोत, इको टेक्निशियन असोत नाहीतर रिसर्च असिस्टंट. अभ्यास निरीक्षणात्मक आहे, म्हणजे आपण कुणाला काही देत नाही, कुणाचं काही बदलत नाही. जे घडतंय ते नीट बघायचं, मोजायचं आणि लिहायचं. कुणाला कोणतं औषध द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरवलं, की तो प्रयोग झाला. त्याची वाट वेगळी आणि कागदपत्रंही वेगळी.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

"मधुमेहातील इकोकार्डिओग्राफीचा अभ्यास" हा प्रश्न नाही, ती पाटी झाली. प्रश्न असा असतो: "छातीत दुखणं, धाप लागणं अशी कुठलीच तक्रार नसलेल्या, चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी कितीजणांच्या इकोत डायस्टोलिक डिसफंक्शन दिसतं?" (डायस्टोलिक डिसफंक्शन म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे हृदय नीट सैल न पडणं.) यात माणूस कोण ते कळतं, काय मोजायचं ते कळतं आणि उत्तर टक्क्यांत येणार हेही कळतं. वाक्य लिहून गाईडना दाखवा, मग इकोच्या टेक्निशियनलाही दाखवा. टेक्निशियनला समजलं नाही, तर ते अजून कच्चं आहे.

दुसरी पायरी: रांग वाचा

इकोचं चित्र कितीही सुंदर आलं, तरी ते त्या खोलीपर्यंत पोहोचलेल्या माणसाचंच असतं. मिरजेची रांग तर आणखी खास. डॉ. विल्यम वानलेस यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस इथे मिशनचा दवाखाना उभा केला, रेल्वेचं जंक्शन होतंच, आणि तेव्हापासून कर्नाटकातले लोकही इथे उपचाराला येतात. त्यामुळे तुमच्या बाकड्यावर अथणी-चिकोडीचे आजोबा असतात, जतची मावशी असते आणि विश्रामबागेतले पेन्शनर काकाही असतात. पण तिघं येण्याची कारणं वेगळी. आजोबा दोन दवाखाने करून, आजार बळावल्यावर आलेत. काका दरवर्षी हेल्थ चेकअप करतात म्हणून आलेत. मावशींना मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिजिशियनने इको करून आणायला सांगितलंय.

या तिघांच्या इकोची सरासरी काढली तर ती कुणाची? सांगली जिल्ह्याची तर नक्कीच नाही. पंधरवडाभर खोलीबाहेर बसा आणि वहीत चार गोष्टी टिपा: कुठून आले, कुणी पाठवलं, कशासाठी, आणि इको सांगितला होता पण केलाच नाही असे किती. हा शेवटचा रकाना सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा. पैसे नाहीत म्हणून परत गेलेला माणूस तुमच्या मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या रुग्णांच्या तक्त्यात, कधीच येत नाही.

तिसरी पायरी: आराखडा निवडा

इथे नावांचा घोळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

एखादी विलक्षण केस किंवा आठ-दहा सारख्या केसेस मांडल्या, तर ती केस रिपोर्ट किंवा केस सीरीज. ती छापता येते, पण "किती टक्के" हे तिला विचारू नये. एवढं पुरे.

क्रॉस-सेक्शनल म्हणजे एका वेळचा फोटो. आजार आणि त्याच्याशी जोडलेल्या गोष्टी एकाच भेटीत मोजायच्या. आपल्याकडच्या बहुतेक थीसिस याच घाटाच्या असतात आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त फोटोत आधी काय घडलं ते दिसत नाही. जाड झालेला डावा कप्पा आणि वाढलेलं बीपी एकत्र दिसलं, तर इतर ज्ञानावरून आपण म्हणतो की बीपी आधी आलं. तुमचा फोटो मात्र ते सांगत नाही.

फोटोचा आणखी एक गुण: कॅमेरा बदलला की गर्दी बदलते. २००७ साली कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळकरी मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टेथोस्कोपने तपासून संधिवाताच्या तापातून आलेला झडपांचा आजार जेवढ्या मुलांत सापडला, त्याच्या सुमारे दहापट मुलांत तो इकोवर दिसला. मुलं तीच होती, फक्त साधन बदललं. इकोवर दिसलेल्या त्या बारीक खुणांपैकी किती पुढे खरा आजार होतात, हा प्रश्न मग कितीतरी वर्षं चघळला गेला. साधनाचं काय, नुसता निकष बदलला तरी हेच होतं. डायस्टोलिक डिसफंक्शनच्या २००९ च्या शिफारशी आणि २०१६ च्या शिफारशी एकाच यादीवर लावून बघा. २०१६ च्या निकषांनी आकडा खाली उतरतो. म्हणून "आमच्याकडे प्रमाण कमी आहे" असं लिहिण्याआधी समोरच्याने कोणतं माप वापरलं ते पाहावं.

केस-कंट्रोलमध्ये उलटं चालायचं. ज्यांना आजार झाला ते आणि ज्यांना झाला नाही ते घ्यायचे, आणि मागे वळून दोघांच्या पूर्वायुष्यात काय फरक होता ते शोधायचं. यात सगळी गोम कंट्रोलमध्ये आहे. सोपा नियम सांगतो: या माणसाला तोच आजार झाला असता, तर तो तुमच्याच दवाखान्यात आला असता का? उत्तर "हो" असेल तरच तो कंट्रोल. मी पाहिलेल्या एका थीसिसमध्ये केसेस पंचावन्न वर्षांच्या होत्या आणि कंट्रोल म्हणून हॉस्टेलमधल्या पोरांचे इको काढले होते. पी व्हॅल्यू, म्हणजे असा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता, झकास लहान आली. यायचीच! त्या अभ्यासातून एवढंच सिद्ध झालं की वय वाढतं. आणि दोन गट करून आजचे इको ताडून पाहिले म्हणजे तो केस-कंट्रोल होत नाही. तो दोन गटांचा क्रॉस-सेक्शनलच राहतो. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास पकडतात.

कोहॉर्ट म्हणजे माणसांबरोबर काळाच्या दिशेने चालणं. आज इको काढायचा, आणि पुढे कुणाला काय होतं ते बघत राहायचं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ५,२०९ लोकांपासून असं चालणं सुरू झालं. तेव्हा इको नव्हताच. स्वीडनमधल्या लुंडमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी अल्ट्रासाऊंडने हृदय पाहिलं ते १९५३ साली. पुढे फ्रेमिंगहॅमच्या तपासण्यांत इकोची भर पडली, आणि १९९० साली तिथल्या ३,२२० जणांवरून दाखवता आलं की डाव्या कप्प्याचं वजन जास्त असलेल्यांना पुढे हृदयविकार आणि मृत्यूचा धोका जास्त असतो. हे म्हणता आलं, कारण कप्पा आधी मोजला होता आणि घटना नंतर घडल्या. तीन वर्षांच्या एमडीत असा कोहॉर्ट उभा राहत नाही. तीन किंवा सहा महिन्यांचा राहतो.

तो करायचा असेल तर पंचांग आणि साखर कारखान्यांचा हंगाम दोन्ही समोर ठेवा. जत-आटपाडीकडचा माणूस ऊसतोडीला गेला की दिवाळीनंतर कित्येक महिने फॉलोअपला येत नाही. ऑगस्टात कृष्णा चढली, की अर्ध्या वाटा बंद. फोन नंबर दोन घ्या, त्यातला एक शेजाऱ्याचा.

फॉलोअपच्या इकोत एक सापळा आहे, त्यात चांगली माणसं अडकतात. हार्ट ॲटॅकच्या शंभर रुग्णांचा पहिला इको झाला, सहा महिन्यांनी साठ परत आले, आणि त्यांचा ईएफ, म्हणजे तेच पंपिंगचे टक्के, सरासरीने वाढलेला दिसला. आनंदाने लिहिलं जातं, "सहा महिन्यांत ईएफ सुधारतो." उरलेले चाळीस कुठे आहेत? काही वारले असतील, काही दुसऱ्या दवाखान्यात भरती असतील, काहींना इतकं बरं वाटलं की ते यायचेच थांबले. सहा महिन्यांचा इको होण्यासाठी आधी सहा महिने जगावं लागतं, हे गणितात धरावंच लागतं. शिवाय पहिल्या दिवशी कमी ईएफवालेच निवडले असतील, तर दुसऱ्यांदा मोजताना आकडा थोडा वर सरकतोच, उपचार काहीही असो. ॲटॅकनंतरच्या पहिल्या दिवसांत हृदयाचा काही भाग नुसता बधिर झालेला असतो आणि नंतर तो आपोआप हलायला लागतो, हे आणखी वेगळं. म्हणून पहिला इको कितव्या दिवशी, हे प्रोफॉर्मात, म्हणजे माहिती भरायच्या नमुन्यात, पक्कं लिहा.

जुन्या रिपोर्टांवरचा अभ्यास: पेव उघडण्याआधी

वेळ कमी असला की सगळे रेट्रोस्पेक्टिव्हकडे वळतात. सध्या त्याचं पेवच फुटलंय म्हणा ना. सांगलीच्या बाजारातली हळद हरिपूरच्या जमिनीतल्या पेवांत साठवायची जुनी रीत होती, ती इथल्या वाचकांना सांगायला नको. पेवात जे घातलं असेल तेच निघतं. आणि पेव उघडलं की लगेच कुणी आत उडी मारत नाही, आधी आतली हवा जाऊ देतात.

जुन्या इको रिपोर्टांचंही तसंच करा. उतरण्याआधी पन्नास रिपोर्ट काढा आणि ईएफचे आकडे एका खाली एक लिहा. बहुतेक ठिकाणी ६०, ५५, ४५, ३० असे खांब उभे राहिलेले दिसतील आणि ५७ किंवा ४३ शोधून सापडणार नाहीत. म्हणजे आकडा मोजलेला नाही, अनुभवी नजरेने अंदाजलेला आहे. उपचारासाठी तो अंदाज चालतो, पण दोन टक्क्यांचा फरक शोधणाऱ्या अभ्यासाला तो पुरत नाही. पन्नासात किती ठिकाणी डाव्या कर्णिकेचं आकारमान लिहिलंय तेही मोजा. जिथे डॉक्टरांना शंका आली तिथेच ते लिहिलं गेलं असेल, तर "नोंद असलेले" रुग्ण मुळातच जास्त आजारी निघतात.

मी स्वतः एकदा भाजलोय. एका ठिकाणी तीन वर्षांच्या क्लिप्स पुन्हा मोजायचं ठरलं, सिनॉप्सिस मंजूर झालं, आणि मग कळलं की मशीनची डिस्क भरली की जुन्या क्लिप्स पुसायचा तिथला रिवाज होता. हातात उरले फक्त छापील रिपोर्ट. विषय बदलावा लागला. तेव्हा क्लिप्स आहेत का, उघडतात का, हे कागदावर सही होण्याआधी मशीनसमोर उभं राहून बघा.

चौथी पायरी: माप पक्कं करा

कृष्णेची पातळी सांगलीत सगळे आयर्विन पुलापाशीच विचारतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. एकाच जागी, एकाच पट्टीवर मोजतात म्हणून २००५ चा पूर आणि २०१९ चा पूर शेजारी ठेवून बोलता येतं. एकाने आयर्विनला मोजलं आणि दुसऱ्याने अंकलीला, तर फुटाला अर्थ राहणार नाही.

इकोत हे फारच होतं. सकाळी एक मॅडम ईएफ सिम्प्सन पद्धतीने (कप्प्याच्या कडा आखून) काढतात, दुपारी सर एम-मोडवर (एकाच रेषेवर मोजून). एका कंपनीच्या मशीनवरचा स्ट्रेन, म्हणजे हृदयाचा स्नायू किती आखडतो त्याचं माप, दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून अभ्यासापुरतं ठरवा: एकच मशीन, एकच पद्धत, शक्यतो एकच हात. नाडी अनियमित असेल, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर एका ठोक्यावर विसंबू नका, निदान पाच ठोक्यांची सरासरी घ्या. इकोच्या वेळचं बीपी लिहा. उंची-वजन लिहा, कारण पाच फुटी आजी आणि सहा फुटी पैलवान यांचा कप्पा सेंटिमीटरमध्ये ताडून पाहता येत नाही.

मग वीसेक रुग्णांच्या क्लिप्स दोघांनी स्वतंत्रपणे मोजा, आणि त्यातल्याच पहिल्या माणसाने पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. दोन चांगल्या हातांत टूडी ईएफमध्ये पाच-सात टक्क्यांचा फरक पडला तर दचकू नका. पण मग "गटांत तीन टक्क्यांचा फरक सापडला" हे वाक्य जपून लिहा. इथे कोरिलेशन, म्हणजे दोघांचे आकडे सोबत वरखाली होतात का याचं माप, काढून समाधान मानायची सवय आहे. एकाने प्रत्येक वेळी दहा टक्के जास्त मोजलं, तरी कोरिलेशन एकच्या जवळच येतं. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली सांगितलेली रीत वापरा: दोघांतला फरक काढायचा आणि तो सरासरीसमोर मांडायचा. एक्सेलमध्येही होतं.

मोजणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटातला आहे हे कळू देऊ नका. "हा मधुमेही आहे" असं कानावर पडलं की नजर आपोआप दोष शोधते. माणसाच्या प्रामाणिकपणावर हा संशय नाही, नजरच तशी असते.

आणि ज्यांची विंडो वाईट, चित्रच नीट दिसत नाही, त्यांचं काय? सगळे त्यांना गुपचूप वगळतात. पण अशा चित्रांची माणसं कोण असतात? लठ्ठ, दमेकरी, फुप्फुसाचा जुना आजार असलेली. त्यांना वगळलं की तुमचा नमुना निरोगी होतो. वगळा हवं तर, पण किती वगळले आणि ते कसे होते, याची ओळ लिहा.

पाचवी पायरी: आता केसेस किती ते

आपल्याकडचं लाडकं सूत्र: चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले एलचा वर्ग. पी म्हणजे आधीच्या अभ्यासावरून अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून उरलेले, आणि एल म्हणजे उत्तर इकडेतिकडे किती हललेलं चालेल ते. पी २० धरला आणि एल ५, तर ४ × २० × ८० भागिले २५, म्हणजे २५६. एल ४ केला की तेच ४०० होतात. एवढ्याशा एलमध्ये केवढी ताकद आहे बघा! म्हणून कुणी कुणी आधी "आपल्याला शंभरच मिळतील" असं ठरवतात आणि शंभर येईपर्यंत एल ताणतात. शंभरच मिळणार असतील तर सरळ तसं लिहा आणि उत्तराचा पल्ला रुंद येईल हे मान्य करा. परीक्षक त्यासाठी फाशी देत नाहीत.

हे सूत्र टक्केवारी काढण्यापुरतं आहे. दोन गटांची तुलना असेल तर सूत्र वेगळं लागतं. संख्याशास्त्राच्या माणसाकडे डेटा गोळा करायच्या आधी जा. नंतर आलात तर तो फक्त शवविच्छेदन करू शकतो.

परवानग्या

एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या रुग्णाच्या आधी, नंतर नाही. जुन्या, नाव काढून टाकलेल्या नोंदींवरचा अभ्यास असेल तर रुग्णांच्या संमतीतून सूट मागता येते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे, पण ती सूट कमिटी देते, आपण स्वतः घ्यायची नसते. संमतीपत्र मराठीत हवंच. जतच्या पूर्व भागातले आणि सीमेपलीकडचे रुग्ण असतील तर कानडीतही करा. नुसतं वाचून दाखवून अंगठा घेणं म्हणजे समजावणं झालं नाही. सीटीआरआय या देशाच्या नोंदणीत निरीक्षणात्मक अभ्यासही नोंदवता येतात आणि पैसे पडत नाहीत.

गावात जाऊन इको काढायची हौस असेल तर आधी पीसीपीएनडीटीचं, म्हणजे गर्भलिंग तपासणीबंदीच्या कायद्याचं, बघा. इकोचं मशीन म्हणजे शेवटी अल्ट्रासाऊंडच, त्याची नोंदणी जागेसकट असते. समुचित प्राधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय मशीन गाडीत घालून शिराळ्याला निघालात, तर थीसिस राहील बाजूला.

नाव काढणं म्हणजे फक्त एक्सेलमधला रकाना पुसणं असं समजू नका. इकोच्या चित्राच्या वरच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव चित्रातच छापलेलं असतं. फाईलची आतली माहिती पुसली तरी ते तिथेच राहतं. कॉन्फरन्सच्या पडद्यावर एका आजींचं पूर्ण नाव दहा फुटी अक्षरांत झळकलेलं मी पाहिलंय.

आणखी एक ठरवून ठेवा. तक्रार नसलेल्या माणसाच्या इकोत अचानक काही सापडलं, तर त्याला कोण सांगणार, आणि पुढे कुठे पाठवणार? तो तुमच्या अभ्यासाला उपकार म्हणून आला होता. त्याला फाईलमधला क्रमांक करून सोडून देता येत नाही.

लिहिताना

पहिल्या दहा रुग्णांवर प्रोफॉर्मा चालवून बघा. दहापैकी चार रकाने निरुपयोगी निघतील. मग खरी सुरुवात करा. लिहायला बसलात की स्ट्रोब नावाची २२ मुद्द्यांची यादी शेजारी ठेवा. निरीक्षणात्मक अभ्यास कसे मांडावेत यासाठी ती २००७ साली प्रसिद्ध झाली. तीत मागितलेली रुग्णांची वाटचाल, म्हणजे रांगेत किती होते, किती पात्र ठरले, किती नाही म्हणाले, किती चित्रं वाया गेली, ही पहिली आकृती असू द्या. पंधरवडाभर बसून भरलेली वही इथे कामाला येते.

शेवटी निष्कर्षाचं वाक्य. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ मसुद्यांत ते असं असतं: "मधुमेहामुळे डायस्टोलिक डिसफंक्शन होतं." यातला "मुळे" खोडतो, कारण वय, बीपी आणि वजन हे तिघं मधुमेहाच्या खांद्यावर हात टाकूनच फिरतात आणि एका फोटोत त्यांना वेगळं करणं सोपं नसतं. मग वाक्य असं होतं: "मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या मधुमेह ओपीडीत वर्षभरात आलेल्या, हृदयाची तक्रार नसलेल्या आणि इकोला तयार झालेल्या चाळिशीपुढच्या २५६ जणांपैकी इतक्यांत, २०१६ च्या निकषांनुसार, डायस्टोलिक डिसफंक्शन आढळलं." रेसिडेंट म्हणतात, "सर, फार लांब झालं." होऊ दे.